एकवीसचं वीस झालं तेव्हा

"एरर शून्य, वॉर्निंग शून्य, सर."

"सुपर! मग विंडो उघडली की फाइल टाक. मी वॉक करून येतो. झालं की मेसेज कर."

राव सर माझे मॅनेजर. ते हैदराबादला होते आणि मी बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात, वडिलांच्या म्हणजे अप्पांच्या घरी, माडीवरच्या खोलीत. एरवी मी बीदरला राहते आणि घरूनच काम करते. महिन्यातून एक-दोन रविवार अप्पांकडे येते. तो असाच एक रविवार होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

विंडो म्हणजे क्लायंटने बदल करण्यासाठी ठरवून दिलेली वेळ. आमचा क्लायंट अमेरिकेतला. तिकडे शनिवारची रात्र असते, कामाचा जोर कमी असतो, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते. आम्हाला साडेआठ ते साडेदहा मिळाले होते. त्या दोन तासांत काम झालं तर झालं, नाहीतर पुढची विंडो एकदम महिन्यानंतर.

मी सोळा वर्षं मेनफ्रेमच्या नेटवर्कवर काम करतेय. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढं मोठं कॉम्प्युटर. नव्या पोरांना वाटतं ती मशीनं केव्हाच संपली. पण मोठमोठ्या कंपन्यांचा सगळा भार अजून त्यांच्यावरच आहे. आमचा हा क्लायंट हॉस्पिटलांना औषधं आणि सामान पुरवतो. हजारो किलोमीटरवर पसरलेली हॉस्पिटलं, दवाखाने, डायलिसिस सेंटरं त्या एका मशीनला जोडलेली. कुठे काय संपत आलंय हे त्यांची कॉम्प्युटरं आपणहून मेनफ्रेमला कळवतात, आणि त्यावरून गोदामात ट्रक भरले जातात.

आता ह्या मशीनच्या दारात कुणाला कसं घ्यायचं, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला पॉलिसी फाइल म्हणतात. अमुक पत्त्यावरून कुणी आलं तर बोलणं कोणत्या पद्धतीने कुलूपबंद करायचं, त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं की नाही, असे नियम एकाखाली एक. आमच्या फाइलमध्ये चव्वेचाळीस नियम होते. त्या रविवारचं काम असं की हॉस्पिटलांना ओळखपत्र सक्तीचं करायचं. हे ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट, मशीनने मशीनला दाखवायचं. ते नसेल तर दार बंद.

अशी फाइल मशीनवर चढवायच्या आधी तपासावी लागते. आमच्या भाषेत व्हॅलिडेट करायची. त्याचं एक टूल आहे. ते फाइल वाचतं, कंस नीट बंद झालेत का बघतं, शब्दांचं स्पेलिंग बघतं, एका नियमाने दुसऱ्या कशाचं नाव घेतलं असेल तर ते नाव फाइलमध्ये खरंच आहे का बघतं. ते सगळं झालं होतं. शून्य आणि शून्य. सही करणारे सहा जण होते, सहाही सह्या आल्या होत्या.

म्हणजे मला सव्वा तास काहीच काम नव्हतं. हात स्वस्थ बसेनात म्हणून मी एका कोऱ्या कागदावर नियमांचा नकाशा काढायला घेतला. ही माझी जुनी सवय. कुठला नियम कुठल्या पत्त्यांना लागतो हे रेघांनी मांडलं की डोकं शांत राहतं.

वैनी सुसल्याची, म्हणजे फोडणी दिलेल्या ओल्या चुरमुऱ्यांची, प्लेट घेऊन वर आली. मागून अप्पाही आले. अप्पा सर्व्हे खात्यात मोजणीदार होते. बीदर जिल्ह्यातली कितीतरी रानं त्यांनी साखळी टाकून मोजलीत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कागदावर रेघा दिसल्या की त्यांचा पाय पुढे जात नाही.

"काय काढायलीस, महानंदा?"

"ऑफिसचं हाय, अप्पा."

"नकाशाच हाय म्हन की. बरोबर हाय का?"

"हाय. मशीन म्हनतंय चूक न्हाई."

"मशीन जागेवर जाऊन बघून आलंय व्हय?"

मी हसले. "ते कामून जाईल, अप्पा? ते फाइल वाचतंय."

"मग त्यानं कागद बघितला, रान न्हाई." अप्पा खुर्ची ओढून बसले. "आमच्या मोजणीत कागदावर चूक निघत न्हवती बघ. कागद कायम चोख. चूक निघायची ती रानात गेल्यावर. म्हनून मी आधी बांधावर जायचो. कोन पेरायलंय, कुठवर पेरायलंय ते बघायचं. मंग कागद उघडायचा."

सुसल्याचा घास माझ्या हातातच राहिला.

मी कागदच बघत होते. टूलने कागद बघितला, मीही कागदच बघितला, सही करणाऱ्या सहाही जणांनी कागद बघितला. आमच्या धंद्यातलं रान म्हणजे खरी कनेक्शनं. प्रत्यक्षात कोण कोण त्या मशीनला रोज जोडलं जातं? त्याची नोंद मेनफ्रेमवर राहते. मागितली की मिळते. मग मी ती मागितली का नव्हती? कारण आमच्या चेकलिस्टमध्ये तो रकानाच नव्हता.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी मी मागच्या सात दिवसांचा रिपोर्ट सोडला. दहा मिनिटांत आला. कोणकोणत्या पत्त्यांवरून कनेक्शनं आली, सगळे पत्ते. आता एकेक पत्ता घ्यायचा आणि नव्या फाइलमधला कोणता नियम त्याला पकडेल ते बघायचं. हाताने. पत्ते दोनशेच्या वर होते आणि माझ्याकडे पाऊण तास होता.

"अप्पा, तुमचा चष्मा आना."

नियमाप्रमाणे क्लायंटची फाइल घरच्या कुणाला दाखवायची नसते. मीही दाखवली नाही. नेटवर्कचा पत्ता म्हणजे मध्ये टिंब देऊन लिहिलेले चार आकडे. आमच्या कामाचा होता तिसरा आकडा, कारण कोण कुठल्या गटातलं हे त्यावरून ठरायचं. तेवढाच आकडा मी वाचायचा आणि नियमांना नावाऐवजी अ, ब, क म्हणायचं, असं ठरवलं. अप्पांनी फूटपट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं, कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर आडवी लांब रेघ मारली आणि तिच्यावर समान अंतरावर खुणा केल्या. सत्तरी उलटलेल्या माणसाचा हात एकदाही हलला नाही.

"अ नियम. सोळा ते एकतीस," मी म्हणाले.

त्यांनी सोळापासून एकतीसपर्यंत पट्टा रंगवला.

"ब. बत्तीस ते एकोणचाळीस. क, चाळीस."

असं करत मोठे गट मांडून झाले; बारीकसारीक नियम आकडा येईल तसे घ्यायचं ठरलं. मग मी रिपोर्टमधले आकडे वाचायला लागले. सतरा, अ. एकोणीस, अ. तेहतीस, ब. अप्पा टिंब देत होते. मजा यायला लागली होती. शाळेत असताना ते असेच मोजणीचे आकडे मला वाचायला लावायचे आणि स्वतः लिहायचे.

"अठ्ठावीस, फ."

पेन्सिल थांबली.

"अठ्ठावीस तर अ मंदी पडायलंय."

"न्हाई अप्पा, फ. त्याचा वेगळा नियम हाय."

"आसंल वेगळा. पर अ मंदी बी पडायलंय की! सोळा ते एकतीस म्हनलीस न्हवं? मंग अठ्ठावीस कुठं जातंय? एकाच रानाला दोन मालक. पहाणी कुनाच्या नावावर?"

पहाणी म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकांचा सातबारा.

मी फाइल उघडली. एकाच पत्त्याला दोन नियम लागू होत असतील तर मेनफ्रेम प्रायॉरिटी बघतं. ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. दुसऱ्याकडे बघितलंही जात नाही. अ नियम हॉस्पिटलांचा. प्रायॉरिटी पाचशे. फ नियम डायलिसिस सेंटरांचा. प्रायॉरिटी दोनशे.

डायलिसिस सेंटरांची कॉम्प्युटरं जुनी. त्यांना सर्टिफिकेट दाखवताच येत नाही. म्हणूनच तर त्यांना वेगळा नियम दिलेला, ज्यात ते मागितलं जात नाही. नवी फाइल चढली असती तर त्यांना हॉस्पिटलांचा नियम लागला असता. मेनफ्रेमने सर्टिफिकेट मागितलं असतं, त्यांच्याकडे नसतं, आणि सगळी सेंटरं एकदम दाराबाहेर.

मग जुनी फाइल कशी चालत होती? मी दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. जुन्या फाइलमध्ये हॉस्पिटलांच्या पत्त्यापुढे लिहिलं होतं तिरपी रेघ एकवीस. नव्या फाइलमध्ये तिरपी रेघ वीस. ह्या रेघेपुढचा आकडा जितका लहान तितका पत्त्यांचा पट्टा मोठा. एकवीस म्हणजे सोळा ते तेवीस. वीस म्हणजे सोळा ते एकतीस. काही नवी हॉस्पिटलं जोडायची होती म्हणून कुणीतरी एकवीसचं वीस केलं आणि पट्टा दुप्पट झाला. एक आकडा. स्पेलिंग बरोबर, कंस बरोबर, नावं बरोबर. टूलला त्यात चूक दिसणारच नव्हती. आणि टेस्टच्या मशीनला डायलिसिसचं एकही सेंटर जोडलेलं नव्हतं. टेस्ट पास होणारच होती.

माझे काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला गुलबर्ग्याला जायचे. एक वार चुकला तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. मी राव सरांना फोन लावला. ते अजून पार्कमध्येच होते.

"सर, फाइल टाकता येणार नाही."

"का? शून्य एरर म्हणालीस ना?"

"डायलिसिस सेंटरं बंद पडतील."

"महानंदा, सहा जणांनी सही केलीय. क्लायंटच्या सिक्युरिटीनेसुद्धा. तुला वाटतंय म्हणून मी विंडो सोडू?"

"वाटत नाही सर. दाखवते. दोन मिनिटं स्क्रीन बघा."

त्यांनी बाकावर बसून फोनवरच स्क्रीन बघितली. मी अठ्ठावीसचा एक पत्ता घेतला आणि फाइलमधून चालवत नेला. हा अ मध्ये बसतो, हा फ मध्येही बसतो, पाचशे, दोनशे.

त्यांनी आकडे बोटांनी मोठे करून बघितले. मग, "अय्यय्यो."

"हो सर."

"फ ची प्रायॉरिटी सहाशे कर. एका ओळीचं काम आहे."

"पण मंजूर झालेली फाइल आहे. अक्षरही बदलायचं तर ग्लेंडाची परवानगी लागेल."

ग्लेंडा क्लायंटकडची बदलांची प्रमुख. मेनफ्रेमवर काम करत तिचे केस पांढरे झालेत. तिला गोड बोलता येत नाही आणि ते कुणी तिच्याकडे मागतही नाही. विंडो उघडली त्याच मिनिटाला आम्ही तिघं कॉलवर आलो. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.

"टूल काय म्हणतं?" तिने विचारलं.

"शून्य एरर."

"मग आपण का बोलतोय?"

"टूलला फाइल वाचता आली, एवढाच त्याचा अर्थ. तुमची डायलिसिस सेंटरं आत येऊ शकणार नाहीत."

"सिद्ध कर."

मी बोलायला लागले आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. खिडकी लावली तरी घरघर थांबेना.

"तिकडे विमान उतरतंय का?"

"गिरणी आहे. ज्वारी दळतायत."

"बरं. पुढे बोल."

मी तोच पत्ता पुन्हा चालवत नेला. संपल्यावर तिने दुसरा पत्ता स्वतः सांगितला, मग तिसरा. तिन्ही अ मध्ये गेले. राव सर घाईघाईने म्हणाले, "प्रायॉरिटी बदलतो, पाच मिनिटांत होईल."

"नाही," ग्लेंडा म्हणाली. "प्रायॉरिटीने आजचं दुखणं थांबेल. पट्टा तेवढाच रुंद राहील. नवी हॉस्पिटलं चोवीस ते सत्तावीसमध्ये आहेत. एकोणतीस ते एकतीस कुणालाच दिलेलं नाही. ते दार मी का उघडू? मला नेमका पट्टा हवाय. जुना जसा होता तसा ठेवा, आणि चोवीस ते सत्तावीसचा वेगळा लिहा. किती ओळी?"

"आठ-नऊ," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"लिहायला दहा मिनिटं. तपासायला वीस."

"मला आमच्या सिक्युरिटी मॅनेजरला झोपेतून उठवावं लागेल. तू लिहायला लाग. तुमच्या सव्वादहापर्यंत सगळं हिरवं दिसलं नाही तर जुनी फाइल परत चढवायची. चर्चा नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या मनात प्रायॉरिटीच होती, पण तिचा उपाय जास्त नीट होता. मला उगाच आनंद झाला. चांगलं काम करणारं माणूस समोर असलं की घाईतही बरं वाटतं.

मी लिहायला बसले. आधी वीसचं परत एकवीस केलं. नव्या हॉस्पिटलांच्या पत्त्यांचा एक गट केला. त्याला नाव दिलं. मग नवा नियम लिहिला आणि त्यात त्या गटाचं नाव घातलं. पत्त्यापुढे तिरपी रेघ बावीस. चोवीस ते सत्तावीस, बरोबर चार. तीनदा वाचून बघितलं. नऊ वाजून चौदा मिनिटांनी ग्लेंडाचा मेल आला, "मंजूर."

नऊ बावीसला मी टूल चालवलं.

एरर एक.

"काय झालं?" राव सर जवळजवळ ओरडलेच. ते अजून पार्कमध्येच होते. मागे कुणीतरी व्यायामाचे आकडे मोजत होतं.

टूल सांगत होतं, ओळ अमुक, ह्या नावाचा गट सापडत नाही. गटाच्या नावात मी मध्ये एक खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, दिली होती. नियमात तेच नाव लिहिताना ती विसरले होते. तीनदा वाचूनही दिसलं नव्हतं. ही फाइल तशीच चढली असती तर मेनफ्रेमने तो एक नियम मुकाट्याने बाजूला टाकला असता आणि बाकीचे घेतले असते. नव्या हॉस्पिटलांना कुठलाच नियम लागला नसता. पाऊण तासापूर्वी मी ग्लेंडाला सांगत होते की टूलला फक्त वाचता येतं. आता त्या वाचण्यानेच मला वाचवलं होतं. माझे कान गरम झाले.

रेघ घातली. पुन्हा चालवलं. एरर शून्य.

"टाकू?" राव सरांनी विचारलं.

"नाही सर. पत्ते पुन्हा चालवून बघते."

"सगळे? किती वेळ?"

"आठ-नऊ मिनिटं. माझ्याकडे माणूस आहे."

अप्पांनी तोवर नवा कागद घेऊन रेघ आखूनही ठेवली होती. मी वाचत गेले, ते टिंब देत गेले. अठ्ठावीस आलं तेव्हा मी थांबले.

"फ," अप्पा म्हणाले. "आता एकच मालक. पुढं वाच."

"हे कोण बोलतंय?" कॉलवरून राव सर. मी म्यूट करायचं विसरले होते.

"माझे वडील आहेत सर. मोजणीदार होते."

"फाइल दाखवलीस त्यांना?"

"नाही सर. फक्त एकेक आकडा वाचला. नावं नाहीत, पूर्ण पत्ते नाहीत."

राव सर म्हणाले, "काम झालं की ते कागद फाडून टाक. फोटो काढायचा नाही. ह्याची नोंद मी करून ठेवतो." मग जरा आवाज उतरवून, "आणि आता त्यांना म्हणावं, पुढचा आकडा घ्या."

नऊ एकेचाळीसला मी कमांड दिली. फाइल चढली. लॉगमध्ये ओळी सरकायला लागल्या. पंचेचाळीस नियम, पंचेचाळीसही घेतले. दहा सेकंदांत पहिलं हॉस्पिटल आत आलं, सर्टिफिकेट दाखवून. दुसरं. तिसरं. मग पंचवीस आकड्याचं एक, नव्यांपैकी! राव सरांनी तिकडे चुटकी वाजवलेली ऐकू आली. एक हॉस्पिटल मात्र नाकारलं गेलं. बघितलं तर त्यांच्या सर्टिफिकेटची मुदतच संपलेली.

"ते त्यांचं त्यांनी बघावं," ग्लेंडा म्हणाली. "मी त्यांना तीन मेल लिहिलेत. आता वाचतील."

राहिली डायलिसिस सेंटरं. ती दर अर्ध्या तासाने आपला साठा कळवतात. म्हणजे दहा वाजता. त्याआधी काही कळायला मार्ग नव्हता. आम्ही चौघं वाट बघत बसलो, दोघं कॉलवर आणि दोघं माडीवर. गिरणी थांबली होती. अप्पांना इंग्रजी ओळी कळत नव्हत्या, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

दहा वाजले. काही नाही.

दहा वाजून एक मिनिट. काही नाही.

"जुनी फाइल तयार ठेव," ग्लेंडा म्हणाली.

"तयार आहे." एका कमांडवर बोट ठेवूनच मी बसले होते. कागदावर सगळं बरोबर होतं. रानात काय आहे?

दहा वाजून दोन मिनिटं. एक ओळ आली. तिसरा आकडा अठ्ठावीस. नियम फ. कनेक्शन पूर्ण.

मग धो धो. अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, ओळीमागे ओळ. मी इतक्या जोरात "आलं!" म्हणाले की वैनी लाटणं हातात घेऊनच जिना चढून आली.

"काय झालं अक्का? कोन आलं?"

"अठ्ठावीस आलं, वैनी!"

तिने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान डोलावली, जणू पाहुणेच आलेत. कॉलवर राव सर तेलुगूत स्वतःशीच काहीतरी बोलत होते. ग्लेंडा म्हणाली, "मोजा." आम्ही मोजलं. मागच्या आठवड्यात जितकी सेंटरं होती तितकी सगळी आली होती. एकही कमी नाही. दहा चोवीसला तिने विंडो बंद केली. जाताना म्हणाली, "तुझ्या वडिलांना माझं थँक यू सांग. आणि गिरणीवाल्यालाही, वेळेवर थांबल्याबद्दल." सोळा वर्षांत मी तिचा हा एकच विनोद ऐकलाय.

मी दोन्ही कागद फाडले आणि तुकडे चुलीत टाकले. अप्पांना जरा वाईट वाटलं. रेघ छान आली होती.

जेवताना त्यांनी विचारलं, "मंग, कुनाचं काम झालं म्हनायचं?"

"तिकडच्या डायलिसिसवाल्यांचं."

"त्यांना कळलं का काय झालतं ते?"

"न्हाई. त्यांना काहीच कळलं न्हाई."

"मंग मोजणी बरोबर झाली," अप्पा म्हणाले आणि भाकरी मोडली.

सोमवारी राव सरांनी चेकलिस्टमध्ये एक रकाना वाढवला. फाइल टूलमधून गेली की मागच्या सात दिवसांची खरी कनेक्शनं काढायची आणि प्रत्येक पत्ता कुठल्या नियमात पडतो ते लिहायचं. हे काम फाइल लिहिणाऱ्याने करायचं नाही, दुसऱ्याने करायचं. एकवीसचं वीस कुणी केलं हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. खालची रेघ कोण विसरलं हे मग मलाही विचारलं गेलं असतं.

टीममधली नवी मंडळी कुरकुर करतात की टूल असताना हे हाताने कशाला, मोठी फाइल असली की तीन तास लागतात. खरं आहे, तीन तास लागतात. टूल "शून्य" म्हणालं की मी त्यांना एवढंच सांगते, फाइल वाचून झाली, आता तपासायला घ्या.